सावकाराचे देऊळ

परगावी पाहुणा म्हणून गेले म्हणजे यजमान आपल्याला आधी देवळे दाखवतात आणि मग वाडे. देवळात देव कोणता ते सांगतात, वाड्यात कोण राहत होते तेही सांगतात. पण या दोन्हींसाठी पैसा कुठून आला, हे सहसा कोणी सांगत नाही आणि आपणही विचारीत नाही. विचारणे बरे दिसत नाही. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत इटलीतल्या पादुआ नावाच्या शहरात मी न विचारताच एका भिंतीने मला ते सांगितले, आणि तेव्हापासून एक जुना हिशेब माझ्या मनात पुन्हा उघडला गेला आहे. तो वाचकांपुढे मांडतो.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यापुढचे सारे शिक्षण बाकावर बसून न होता फळ्यापुढे उभे राहून झाले. चारदोन कादंबऱ्या नावावर आहेत. त्यामुळे गावात मला लेखक म्हणतात आणि लेखकमंडळींत मास्तर म्हणतात. अशा माणसाला इटली पाहायला मिळावी हे पूर्वसुकृत खरे, पण माझे नव्हे, भाचीचे. ती पादुआच्या विद्यापीठात संशोधन करते. "मामा, रोम आणि फ्लॉरेन्स सगळेच पाहतात. तुम्ही आधी माझं गाव पाहा," असे तिने कळवले. व्हेनिसहून आगगाडीने अर्ध्या तासावर असलेल्या त्या परक्या शहराला पोर 'माझं गाव' म्हणते, हे वाचून मला बरेही वाटले आणि थोडे वाईटही.

पहिल्याच सकाळी तिने मला एका बागेत नेले. रोमन काळी तेथे खेळांचा आखाडा होता. त्याच्या गोलाकार भिंतीचे भग्न तुकडे अजून उभे आहेत. इसवी सन १३०० मध्ये एन्रिको स्क्रोवेन्यी नावाच्या धनिकाने ही जागा विकत घेतली, तिथे वाडा बांधला आणि वाड्याला लागून एक प्रार्थनामंदिर, म्हणजे चॅपेल. वाडा एकोणिसाव्या शतकात पाडला गेला. चॅपेल तेवढे राहिले. बाहेरून पाहिले तर साधी विटांची इमारत. आपल्याकडे तालुक्याच्या गावी एखादे जुने गोदाम असावे तशी. "एवढंच?" असे माझ्या तोंडून निघाले. भाची नुसती हसली.

आत एकदम सोडत नाहीत. पंचवीसएक माणसांची तुकडी करून आधी एका काचेच्या खोलीत पंधरा मिनिटे बसवतात. माणसांच्या श्वासातली वाफ आणि कपड्यांवरची धूळ यांनी चित्रांना अपाय होतो, म्हणून ही तजवीज. मला ती फार आवडली. आपण देवळात शिरण्यापूर्वी पाय धुतो. इथे श्वास धुऊन घेतात.

मग दार उघडले आणि मी आभाळाखाली उभा राहिलो. दुसरा शब्द मला सुचत नाही. वरचे सगळे छत गडद निळे, त्यावर सोनेरी चांदण्या. चारी भिंतींवर, ओल्या गिलाव्यावर रंगवलेली, मरियेच्या आईवडिलांची, मरियेची आणि येशूची कथा. १३०३ ते १३०५ या सुमारास जोत्तो या चित्रकाराने हे काम केले. पोथीतली गोष्ट ऐकत बसलो असताना त्यातली माणसे उठून शेजारी येऊन बसावीत, तसे वाटले. मूलबाळ नाही म्हणून देवळातून घालवून दिलेला म्हातारा योआकिम मान खाली घालून धनगरांजवळ येतो. त्याचा कुत्रा मात्र उडी मारून त्याचे स्वागत करतो. मूल होणार हे कळल्यावर तो आणि त्याची बायको अन्ना वेशीशी भेटतात. दोन पिकली माणसे एकमेकांचा चेहरा हातात घेतात, आणि एवढ्या देवदूतांच्या गर्दीत माझे डोळे भरून आले ते त्या दोघांकडे पाहून. येशूचे शव मांडीवर घेऊन बसलेली आई तर परधर्माची, परदेशाची राहतच नाही.

"आता मागे वळा," भाची हळूच म्हणाली.

ज्या दारावाटे भाविक बाहेर पडायचे, त्या दारावरची सबंध भिंत शेवटच्या निवाड्याच्या चित्राने भरली आहे. मध्ये न्याय करणारा येशू. एका बाजूला तरून गेलेले पुण्यवान, दुसऱ्या बाजूला नरक. नरकात काही माणसे फासावर लटकत आहेत, आणि फास कशाचे? त्यांच्याच पैशांच्या थैल्यांच्या दोऱ्यांचे. हे व्याजखोर. आणि खाली, पुण्यवानांच्या बाजूला, जांभळा झगा घातलेला एक गृहस्थ गुडघे टेकून या चॅपेलची प्रतिकृती मरियेला अर्पण करीत आहे. प्रतिकृतीचे ओझे एका धर्मगुरूने खांद्यावर तोलून धरले आहे. तो गृहस्थ एन्रिको.

भाचीने मग सगळे सांगितले. एन्रिकोचा बाप रेजिनाल्दो हा पादुआतला बडा सावकार. त्या काळी ख्रिस्ती धर्मशास्त्राप्रमाणे व्याज घेणे हेच पाप होते. ११७९ च्या धर्मपरिषदेने उघड व्याजखोराला ख्रिस्ती दफनही नाकारले होते. दांतेने आपल्या महाकाव्याच्या नरकखंडात, सतराव्या सर्गात, तापलेल्या वाळूवर बसलेले सावकार दाखवले आहेत. प्रत्येकाच्या गळ्यात थैली, थैलीवर घराण्याचे चिन्ह. त्यातल्या एका पादुआकराच्या पांढऱ्या थैलीवर निळी, गाभण डुकरीण आहे. ते स्क्रोवेन्यींचे चिन्ह, आणि तो माणूस म्हणजे रेजिनाल्दो, असे टीकाकार परंपरेने मानतात. बापाच्या पापातून सुटण्यासाठी मुलाने हे चॅपेल बांधले, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. भाची संशोधकच, तेव्हा तिने लगेच पुस्ती जोडली, "पण मामा, हेतू तोच होता असा पुरावा नाही, असं म्हणणारे अभ्यासकही आहेत."

हेतू कोणताही असो. माझे लक्ष त्या गुडघे टेकलेल्या माणसावरून हलेना, कारण तो माणूस मी आधी पाहिला होता. पादुआत नव्हे, माझ्या गावात.

आमच्या गावच्या विठोबाच्या देवळाला मोठा सभामंडप आहे आणि नदीला दगडी घाट. दोन्ही एकाच सावकाराने बांधले. त्याच सावकाराकडे माझ्या आजोबांचा चार एकरांचा मळा गहाण होता. १९७२ च्या दुष्काळात व्याज थकले, मुदतखरेदीचा कागद झाला, मुदत संपली, मळा गेला. आजोबा त्यानंतर आपल्याच विहिरीवर दुसऱ्याच्या रोजगाराने मोट दुरुस्त करायला जात. सभामंडप झाला तो त्यानंतर चारच वर्षांनी. आई दर एकादशीला त्या मंडपात बसून भजन ऐकते. वडिलांनी मात्र मरेपर्यंत त्या मंडपात पाऊल टाकले नाही. बाहेरून कळसाला हात जोडत आणि परतत. घाटही टाळून, खाली वाळूतून नदीत उतरत. आई म्हणायची, "विठोबा काय सावकाराचा आहे का?" वडील म्हणायचे, "विठोबा नसेल, पण फरशी त्याची आहे."

आणि आता खरे दुखणे सांगतो. आमच्या शाळेला गेल्या वर्षी वाचनालयासाठी नवी इमारत मिळाली. देणगी त्याच घराण्याची; सावकाराच्या नातवाची. गृहस्थ सज्जन आहेत. सावकारी केव्हाच बंद झाली. दाराशी संगमरवरी शिला बसवायची होती, आणि गावात लेखक एकच, म्हणून मजकूर मला लिहायला सांगितला. मी सावकाराच्या नावामागे 'दानशूर' हा शब्द लिहिला. हात थोडा अडला, पण लिहिला. पोरांना पुस्तके मिळणार होती. पादुआला निघण्यापूर्वी महिनाभर आधीची ही गोष्ट.

पंधरा मिनिटे झाली. घंटा वाजली. मी बाहेर आलो तो निळे आभाळ आणि तो पांढरा संगमरवर दोन्ही डोळ्यांपुढे घेऊन.

चॅपेलच्या शेजारीच एरेमितानी हे संन्याशांचे मोठे चर्च आहे. १३०५ च्या जानेवारीत तिथल्या संन्याशांनी एन्रिकोविरुद्ध लेखी तक्रार केली होती: परवानगी घरगुती लहान प्रार्थनास्थळाची, आणि हा घंटाघर उभारतो, देवाच्या महिम्यापेक्षा स्वतःचा डौल मिरवतो. सातशे वर्षांपूर्वीही शेजाऱ्यांना हा प्रश्न पडला होता तर! पण पुढची गोष्ट ऐका. ११ मार्च १९४४ रोजी दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचे बॉम्ब या संन्याशांच्या चर्चवर पडले. मान्तेन्या या थोर चित्रकाराने तिथे रंगवलेल्या भिंतींचा चुरा झाला. हजारो तुकडे वेचून, जमेल तेवढे जुळवून पुन्हा भिंतीवर बसवले आहेत. मोकळ्या जागांमध्ये मधूनच एक कपाळ, एक हात, घोड्याचे खोगीर. आणि हाकेच्या अंतरावरचे सावकाराचे चॅपेल बचावले. पाप-पुण्याप्रमाणे बक्षीस आणि शिक्षा मिळते, असे मुलांना शिकवण्याचा मला कधी मोह झाला, तर मी त्या चर्चची आठवण काढणार आहे.

दुपारी आम्ही बाजारपेठेत गेलो. भाजी आणि फळे यांच्या नावाच्या दोन चौकांच्या मध्ये जुना न्यायवाडा आहे. त्याचे काम १२१८ मध्ये सुरू झाले. खाली दुकाने, अजूनही तिथे चीज, मांस, मासळी विकतात. वर ऐंशी मीटरांहून लांब असे एकच दालन, आणि उलटी नाव ठेवावी तसे लाकडी छप्पर. त्या दालनाच्या एका कोपऱ्यात काळ्या दगडाचे एक ठेंगणे बैठे आहे. त्याचे नाव अप्रतिष्ठेचा दगड.

ज्याला कर्ज फेडता येत नसे, त्याने नुसता सदरा आणि चोळणा अंगावर ठेवून, निदान शंभर माणसांसमोर या दगडावर तीनदा बूड आपटायचे आणि दर वेळी लॅटिनमध्ये म्हणायचे की मी माझी मालमत्ता सोडली. मग शहर सोडून जायचे. सावकारांच्या परवानगीवाचून परत आला, तर पुन्हा तोच विधी, वर डोक्यावर तीन बादल्या पाणी.

हे ऐकून अंगावर काटा आला. पण गंमत अशी की हा दगड म्हणजे त्या काळची दया होती! पूर्वी बुडालेल्या कर्जदाराला तुरुंगात खितपत ठेवीत. संत अंतोनी, ज्याला आपल्याकडे वसईचे आणि गोव्याचे ख्रिस्ती बांधव सेंट अँथनी म्हणून भजतात, तो तेव्हा पादुआत होता. त्याच्या विनंतीवरून १२३१ च्या मार्चमध्ये शहराने कायदा केला की कर्जदाराने आपली मालमत्ता सोडून दिली तर त्याला कैदेत ठेवू नये. आणखी तीनच महिन्यांनी, १३ जूनला, अंतोनी वारला. त्याने शहराकडे मागितलेली ही जवळजवळ शेवटची भिक्षा.

मी त्या दगडापुढे बराच वेळ उभा राहिलो. एकाच शहरातली दोन माणसे माझ्यापुढे होती. ज्याला देणे जमले नाही तो शंभर माणसांपुढे अर्ध्या कपड्यांत दगडावर बसला. ज्याने जास्त घेतले त्याच्या मुलाने जांभळा झगा घालून, सोनेरी चांदण्यांखाली, शहरातल्या सर्वांत थोर चित्रकाराकडून आपले गुडघे टेकलेले रंगवून घेतले. लाज दोघांनाही वाटली असेल, असे आपण धरून चालू. पण एकाची लाज दगडाची झाली आणि दुसऱ्याची सोन्याची.

आणि तिथेच माझ्या मनात एक साधा प्रश्न उभा राहिला, शाळेतल्या अंकगणितासारखा. समजा, माझ्या आजोबांनी सावकाराच्या व्याजाची रक्कम घेऊन ती सावकाराला न देता विठोबाच्या दानपेटीत टाकली असती, आणि येऊन म्हटले असते, "सावकार, तुमचे देणे मी देवाला दिले," तर सावकाराने वहीत जमा धरली असती काय? हसून हाकलून दिले असते. आणि ते बरोबरच झाले असते! देणे ज्याचे असेल त्यालाच द्यावे लागते. मग तोच नियम सावकाराला का नको? त्याने जे जास्तीचे घेतले ते माझ्या आजोबांचे होते, शेजारच्या कुणब्याचे होते, एखाद्या विधवेचे होते. ते त्याने देवाला दिले, आणि आम्ही सर्वांनी मिळून वहीत जमा धरले.

दान देणारा घेणाऱ्याची निवड करतो. परतफेड करणाऱ्याला ती मुभा नसते. मला वाटते, सगळा फरक एवढ्यातच आहे. जोत्तोच्या भिंतीवर खालच्या पट्टीत करड्या रंगात सद्‌गुण आणि दुर्गुण काढले आहेत. त्यातली दयेची मूर्ती पैशांच्या थैल्यांवर पाय देऊन उभी आहे आणि हातातल्या परडीतून फळेफुले देते आहे. पण शेवटच्या निवाड्याच्या त्या भिंतीवर, एन्रिको ज्यांच्यापुढे गुडघे टेकतो त्यांत, रेजिनाल्दोचा एकही कर्जदार नाही. मरियेने चॅपेल स्वीकारले असेल, पण तिने कर्ज कधी काढले होते?

संध्याकाळी संत अंतोनीच्या महामंदिरात गेलो. त्याच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, १२३२ मध्ये, हे बांधायला घेतले. समाधीच्या हिरवट दगडाला तळहात लावून लोक गुपचूप उभे राहतात. भोवती चिठ्ठ्या, लहान मुलांची छायाचित्रे. मुख्य वेदीवर दोनातेल्लोने घडवलेले ब्राँझचे पट आहेत. त्यातल्या एकात अशी कथा कोरली आहे की एका कृपणाच्या अंत्यविधीला अंतोनी म्हणाला, याचे हृदय याच्या छातीत नाही, तिजोरीत आहे. आणि पाहतात तो खरेच तिजोरीत सापडले. हरवलेल्या वस्तू सापडाव्यात म्हणून लोक या संताला साकडे घालतात. मीही दगडाला हात लावला. काय हरवले आहे ते मात्र सांगितले नाही.

परतताना गॅलिलिओचे म्हणून दाखवतात ते घर पाहिले. १५९२ ते १६१० अशी अठरा वर्षे तो इथल्या विद्यापीठात शिकवीत होता. एवढा मोठा माणूस, पण बहिणींच्या हुंड्याचे पैसे देता देता मेटाकुटीला आला होता, आणि घरात विद्यार्थी ठेवून, शिकवण्या करून भर घालीत होता, असे भाचीने सांगितले. मास्तरांचे हे दुखणे फार जुने आहे म्हणायचे! आम्ही दोघे हसलो. पण हसता हसता मला आपले तुकोबा आठवले.

तुकोबांच्या घरीही महाजनकी होती. लोकांची कर्जखते होती. विरक्ती आल्यावर त्यांनी धाकट्या भावाचा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची सगळी खते इंद्रायणीत बुडवली, असे चरित्रकार सांगतात. मनात आणले असते तर त्यांनी ते पैसे वसूल करून देहूला देखणा मंडप बांधला असता. आपण त्यांना दानशूरही म्हटले असते. त्यांनी वसूलच केले नाही. त्यातून कोणतीही इमारत उभी राहिली नाही, कोणी चित्रकार बोलवावा लागला नाही. फक्त देहूच्या आसपासच्या काही घरांतून माणसे त्या रात्री निवांत झोपली असतील.

मग जोत्तोचे ते निळे आभाळ मी पाहायला नको होते काय? तसे मी म्हणणार नाही. त्या दोन म्हाताऱ्यांची भेट पाहून माझे डोळे भरले, ते पाणी खरे होते. सावकाराने भिंत दिली; वेशीवरची ती माया जोत्तोची, आणि आता ती पाहणाऱ्याची. आईचे म्हणणे इथे खरे ठरते: विठोबा सावकाराचा नाही. पण वडिलांचेही खरे होते. फरशी कोणाच्या पैशाची, हे ते विसरले नाहीत, आणि घरात ते एकटेच विसरले नाहीत. देवळात जावे आईसारखे, आणि पायरीवरचे नाव वाचावे वडिलांसारखे, एवढे मला जमले असते तर माझ्या हातून तो शब्द लिहिला गेला नसता.

गावी परतल्यावर आठवडाभर मी वाचनालयाच्या शिलेसमोरून मान खाली घालून गेलो. मग एका रविवारी सावकाराच्या नातवाकडे गेलो. चहा झाला. मी सगळे सांगितले: चॅपेल, काळा दगड, आजोबांचा मळा, माझा शब्द. माणूस सत्तरीच्या घरातला, शांत. खूप वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मास्तर, मळ्यावर आता एस.टी. स्टँड आहे. परत करायचं म्हटलं तरी काय करू?" मला उत्तर देता आले नाही. मी म्हणालो, "निदान नावं तरी माहीत व्हावीत." तो म्हणाला, "जुन्या वह्या माळ्यावर आहेत. लाल बासनात. लक्ष्मीपूजनाला आम्ही अजून त्या खाली काढतो, हळदकुंकू वाहतो आणि परत ठेवतो. उघडत नाही."

परवा त्याचा निरोप आला. या लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी या. या वेळी वह्या उघडू म्हणतो.

आईला सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "तुझ्या आजोबांचा अंगठा असेल त्यात. नीट बघ. उजव्या अंगठ्याला विळ्याची खूण होती."

मी जाणार आहे. काय बोलेन ते अजून ठरलेले नाही.